माती-पाणी तपासणीच्या कामासाठी मराठी ब्लॉग आणि सोशल मीडिया: सुरुवात कुठून करावी, वेळ कशाला द्यावा?

मृदगंध_सांगोला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगोल्यात माती, पाणी आणि पानदेठ तपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवते. अहवालावरून डाळिंब आणि द्राक्ष बागांना खतांचं आणि पाण्याचं नियोजन करून देते. काम ओळखीतून येतं, त्यामुळे दहा-बारा गावांच्या पलीकडे जात नाही. दोन गोष्टी साधायच्या आहेत. जत, आटपाडी, पंढरपूर भागातल्या बागाईतदारांपर्यंत उपयोगी माहिती जावी ही पहिली. निर्यातदार किंवा शेतकरी उत्पादक कंपनी सल्लागार शोधत असेल तेव्हा माझं काम त्यांना दिसावं ही दुसरी.

सध्या फेसबुकचं पान आहे, त्यावर आठवड्याला एक पोस्टर टाकते (मजकूर चित्रातच असतो). व्हॉट्सॲपचे तीन गट आहेत आणि तिन्हीत तेच ते प्रश्न दर आठवड्याला येतात. श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले चाळीसेक जुने लेख पडून आहेत. या सगळ्यासाठी आठवड्याला चार तासांपेक्षा जास्त वेळ काढता येणार नाही.

ब्लॉग लागतोच का, की यूट्यूब पुरे? मराठीत लिहिलेलं गुगलवर सापडतं का? गट, ब्रॉडकास्ट, चॅनेल यांतलं काय धरावं? लिंक्डइनवर मराठी की इंग्रजी? आणि औषधांविषयी लिहावं का?

---

लिपी_आणि_दुवे

ताई, ब्लॉग आधी, बाकी सगळं त्याच्या आधाराने. कारण तुमच्या प्रश्नातच आहे. गटात दिलेल्या उत्तराला पत्ता नसतो. चार दिवसांत ते वर सरकतं आणि पाचव्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा येतो. ब्लॉगवरच्या उत्तराचा पत्ता गटात, व्हिडिओखाली, अहवालावर कुठेही देता येतो, आणि मजकूर दुरुस्त केला की सगळीकडून दुरुस्त केलेलाच उघडतो. तपासणीच्या कामात हे दुसरं फार मोलाचं आहे.

चार तासच असतील तर ब्लॉगर घ्या. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, देखभाल जवळजवळ नाही. वर्डप्रेस जास्त लवचिक, पण होस्टिंगचा खर्च आणि प्लगइन अद्ययावत ठेवण्याचं काम कायमचं मागे लागतं. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवरून घ्या. साइट बनवून देणारा ते आपल्या खात्यात घेतो, पुढे नूतनीकरण चुकतं, आणि अनेक वर्षांचे लेख एका दिवसात दिसेनासे होतात. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

लेखाचा पत्ता प्रकाशित करण्याआधी हाताने द्या. देवनागरी शीर्षकावरून ब्लॉगरला पत्ता बनवता येत नाही. तो 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असं काहीतरी ठेवतो. वर्डप्रेस देवनागरी घेतो, पण पत्ता पाठवताना प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, कारण एक देवनागरी चिन्ह म्हणजे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं. 'डाळिंब' या एका शब्दाची ५४ होतात. वर्डप्रेस २०० वर कापतो, म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं उरतात. असा लांबलचक टक्केवाला दुवा गटात आला की लोक त्याला फसवणुकीचा दुवा समजून उघडत नाहीत. म्हणून रोमन लिपीत, शेतकरी जसं टाइप करतो तसे तीन-चार शब्द, मधे आडवी रेघ. रोमन अक्षरांत मराठी टाइप करून शोधणारे पुष्कळ आहेत, त्यांनाही याची मदत होते.

श्रीलिपीचे लेख तसेच चिकटवू नका. त्या फाँटमध्ये आत रोमन संकेत असतात आणि वर फक्त देवनागरीचा आकार, त्यामुळे फाँट नसलेल्या मोबाइलवर निरर्थक अक्षरं दिसतात आणि गुगललाही तेच दिसतं. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (सगळ्या फोनवर सारखं दिसणाऱ्या संकेतांत) आणा आणि मग ओळ न् ओळ वाचा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इथे चुका ठरलेल्या, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. आकडेही तपासा. दशांश चिन्ह गळून ०.५ चं ०५ झालं तर मात्रा दहापट होते.

यातली एक बारीक गोष्ट मराठीसाठी खास आहे. 'खाऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. तसंच 'ॲ' एका चिन्हाचा आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेला दोन चिन्हांचा. एका लेखात एक, दुसऱ्यात दुसरं असं झालं की ब्लॉगच्या शोधपेटीत निम्मे लेख सापडत नाहीत. पहिली तऱ्हा धरा, दोन्हीकडे, आणि सगळीकडे तीच ठेवा.

दिसण्याबद्दल थोडक्यात. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. ओळींतलं अंतर १.६ ते १.८, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच, कारण वाढवलं की शिरोरेघ तुटते. इंग्रजीसाठी बनवलेल्या बऱ्याच थीममध्ये शीर्षकाला ते दिलेलं असतं. पानाच्या भाषेचा संकेत हिंदीचा नव्हे, मराठीचा ठेवा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

आता शोधाविषयी. मराठीत लिहिलेलं सापडतं, पण शेतकऱ्याचा शब्द असेल तरच. 'जिवाणूजन्य करपा' असं शीर्षक दिलंत तर विद्यार्थी येतील. बागाईतदार 'तेल्या' शोधतो. शास्त्रीय नाव मजकुरात एकदा येऊ द्या, शीर्षकात बोलीतलं हवं. मोबाइलवर शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, म्हणून पीक आणि अडचण पहिल्या पाच-सहा शब्दांत. एका लेखात एकच प्रश्न, पहिल्या दोन वाक्यांत त्याचं उत्तर, कारणं आणि तक्ता त्यानंतर. तक्ता चित्र करून टाकू नका. तुमच्या पोस्टरांचंही तेच: चित्रातला मजकूर शोधायला भरवशाचा नसतो आणि उन्हात मोबाइलवर वाचताही येत नाही.

सर्च कन्सोल (लोक काय शोधून तुमच्या पानावर येतात ते दाखवणारं गुगलचं साधन) पहिल्याच दिवशी जोडा. तीन महिन्यांनी त्यातली शोधशब्दांची यादी पाहा. जिथे तुमचं पान बऱ्याचदा दिसलं पण उघडलं गेलं नाही, तिथे शीर्षक बदला. ज्या शब्दांवर लोक आले पण त्याचं उत्तर लेखात नाही, तो तुमचा पुढचा लेख. सोळा महिन्यांपर्यंतची माहिती त्यात राहते, म्हणजे गेल्या हंगामाशी तुलना करता येते.

---

चावडी_ते_चॅनेल

व्हॉट्सॲपचं सांगतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. 'पाठवला होता' आणि 'आला नाही' या वादाचं मूळ हे आहे. गटात १,०२४ जण बसतात, पण प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसतात आणि औषधविक्रेते तिथूनच नंबर उचलतात. चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. संख्येला मर्यादा नाही, सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, संवाद एकतर्फी. तुमच्या कामाला माहितीसाठी चॅनेल, ग्राहकांसाठी एकच छोटा गट, आणि प्रश्नांसाठी व्हॉट्सॲप बिझनेसचा वेगळा नंबर अशी मांडणी बसते. तीन गट चालवणं बंद करा. चार तासांतले दोन तिथेच जात असणार.

वेगळा नंबर का? न विचारता लोकांना गटात जोडलं, त्यांतल्या काहींनी तक्रार नोंदवली, की नंबरावर बंधन येतं. प्रत्येक अहवालावर छापलेला नंबर असा अडकला तर दुकानाच्या दाराला कुलूप लागल्यासारखं होतं. जुन्या गटांत चॅनेलचा दुवा द्या, ज्याला यायचं तो येईल. कमी आले तरी चालेल.

बिझनेस ॲपमध्ये झटपट उत्तरं ५० पर्यंत साठवता येतात. नेहमीच्या वीस प्रश्नांची प्रत्येकी तीन ओळींची उत्तरं आणि लेखाचा दुवा असं भरून ठेवा. एक झटपट उत्तर फोटो मागण्यासाठी हवंच. लोक एका पानाचा अंधुक फोटो टाकून 'काय फवारू' विचारतात आणि घाईत दिलेलं उत्तर चुकतं. मागायचं ते असं: पूर्ण झाड, एक फांदी, पानाच्या दोन्ही बाजू, वाण, बागेचं वय, बहार धरल्याची किंवा छाटणीची तारीख, शेवटचं पाणी आणि शेवटची फवारणी. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे बारकावे दाबले जात नाहीत.

चॅनेलवरचा संदेश पाच ओळींचा. पहिल्या ओळीत पीक, अवस्था, काम. 'द्राक्ष, फळछाटणीनंतर ४० ते ४५ दिवस: देठ तपासणीचा नमुना आता घ्या' ही ओळ वाचून माणूस थांबतो, कारण बागेत दिवस छाटणीपासूनच मोजले जातात. पुढे मोजकी कृती, मग दुवा, आणि शेवटच्या ओळीत तारीख, तुमचं नाव आणि गाव. मजकूर कॉपी होऊन पुढे गेला की पाठवणाऱ्याचं नाव गळून पडतं, म्हणून ते संदेशाच्या आतच असावं.

दुव्यासोबत दिसणारं चित्र १,२०० बाय ६३० पिक्सेलचं, ३०० केबीच्या आत. मोठं असेल तर बऱ्याचदा दिसतच नाही. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल तर ते साठवलेलं असतं. दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एखादा आकडा जोडा, नवीन येईल.

---

मृदगंध_सांगोला

दोघांचेही मनापासून आभार. एक लेख युनिकोडमध्ये आणून पाहिला. शीर्षक आहे 'पाण्याची क्षारता : एक गंभीर समस्या'. सुरुवात अशी: 'आधुनिक शेतीमध्ये सिंचनाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. परंतु रासायनिक खतांच्या अतिवापरामुळे व भूजलाच्या अतिउपशामुळे पाण्याची गुणवत्ता खालावत चालली आहे...' पुढे वर्गीकरणाचा तक्ता आणि उपाय आहेत. काय बदलावं ते स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

---

पाणी_आणि_क्षार

पहिले दोन परिच्छेद काढून टाका. वाचणाऱ्याच्या हातात अहवाल आहे, त्यावर ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) २.० लिहिलंय आणि ठिबक सुरू ठेवायचं की नाही हे त्याला कळायला हवंय. सिंचनाचं महत्त्व त्याला कुणी सांगायला नको.

शीर्षक: 'विहिरीच्या पाण्याची ईसी २ आली: डाळिंबाला चालेल का?'

पहिली तीन वाक्यं: 'ईसी २.० डेसीसायमन प्रति मीटर म्हणजे पाणी जास्त क्षाराच्या वर्गात (०.७५ ते २.२५) येतं. निचरा चांगला असेल तर काळजी घेऊन वापरता येतं. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत त्याने क्षार साठत जातात.'

लगेच पुढे एककांचा गोंधळ सोडवा. माझ्या मते हाच या लेखाचा गाभा असावा, कारण अर्धी घबराट इथूनच येते. एका प्रयोगशाळेच्या अहवालात २.०, दुसरीच्या २,०००, आणि दुकानातून आणलेल्या टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) पेनावर १,००० किंवा १,४००. पाणी एकच. डेसीसायमन प्रति मीटर, मिलीसायमन प्रति सेंटिमीटर आणि जुना मिलीम्हो प्रति सेंटिमीटर हे आकड्याने सारखेच. मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटरमध्ये तोच आकडा हजारपट दिसतो. टीडीएसचं पेन क्षार मोजतच नाही. ते विद्युतवाहकता मोजतं आणि आतल्या गुणकाने गुणून पीपीएम दाखवतं. कुठल्या पेनात गुणक ०.५, कुठल्यात ०.७. सिंचनाच्या पाण्यासाठी सर्वसाधारणपणे ईसी गुणिले ६४० धरतात. म्हणून 'पेन कुठलंही असो, ईसीवर लावून आकडा सांगा' एवढं ठळक लिहा.

मग सांगा की ईसी एकटी पाहून निर्णय घ्यायचा नाही. आरएससी, म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा केल्यावर उरणारा आकडा, १.२५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या आत असेल तर ठीक, १.२५ ते २.५ काठावर, त्याहून जास्त असेल तर पाणी अयोग्य. ईसी कमी पण आरएससी जास्त असं पाणी वाचणाऱ्याला 'चांगलं' वाटतं आणि तेच जमीन चोपण, म्हणजे कडक आणि पाणी न मुरणारी, करतं. उपायही वेगळे. जास्त आरएससीला जिप्सम. नुसत्या जास्त ईसीला जिप्समचा उपयोग नाही, तिथे निचरा आणि पावसाळ्यात क्षार खाली धुऊन जाऊ देणं.

मातीच्या लेखात अशीच एक जागा सांभाळा. मातीची ईसी एकास अडीच द्रावणात (एक भाग माती, अडीच भाग पाणी) मोजली की संपृक्त अर्कात (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात), हे लिहिल्याशिवाय आकडा छापू नका. ४ ही क्षारपड जमिनीची सीमा संपृक्त अर्कासाठी आहे. तुमचा अहवाल १:२.५ चा असेल आणि वाचणारा तो ४ शी ताडून पाहील, तर बिघडलेली जमीनही त्याला ठणठणीत वाटेल.

नमुना घेण्यावर स्वतंत्र लेख लिहाच. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तो सर्वांत फायद्याचा, कारण चुकीच्या नमुन्याचा अहवाल बरोबर येऊच शकत नाही. १५ ते २० ठिकाणं, व्ही आकाराचा खड्डा, चतुर्थांश पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत) अर्धा किलो. बागेत ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर वेगवेगळे. शेणखताचा ढीग, बांध आणि ड्रिपरची थेट खालची जागा टाळून. खत दिल्यावर लगेच नाही. प्रत्येक पायरीचा एक फोटो, तुमच्याच हातांचा.

---

अवशेष_तपासनीस

औषधांविषयी लिहावं का, याचं उत्तर: लिहा, पण तुमच्या मूळ विषयाइतकं मोकळेपणाने नको. तुमची ओळख माती, पाणी, देठ ही आहे. तिथे तुमच्याकडे स्वतः मोजलेले आकडे आहेत. फवारणीच्या शिफारशीत एक चूक झाली तर निर्यातीचा कंटेनर अडकतो आणि तो स्क्रीनशॉट वर्षानुवर्षं फिरतो.

लिहायचंच असेल तर ब्रँड नको. सक्रिय घटकाचं नाव, टक्केवारी आणि प्रकार, प्रति लिटर आणि प्रति एकर दोन्ही मात्रा, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, आणि त्या पिकावर लेबल क्लेम (त्या पिकासाठी वापराची नोंदणीकृत मान्यता) आहे की नाही. यांतलं एक जरी नसेल तर ती ओळ छापू नका. द्राक्षासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची निर्यातीच्या बागांसाठीची औषधांची यादी, डाळिंबासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी. यादी स्वतः उतरवून न घेता तिचा दुवा द्या. ती बदलत राहते आणि उतरवलेली प्रत जुनी होते.

जुन्या चाळीस लेखांत हाच धोका आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने डिनोकॅप, डायकोफॉल आणि मेथोमिल यांच्यावर बंदी आली. भुरी रोगासाठी डिनोकॅप सांगणारे लेख आजही फिरताहेत. तुमच्या लेखांत अशी नावं शोधा. सापडली की लेख गुपचूप उडवू नका. त्याच पत्त्यावर अगदी वर लिहा: 'या लेखातली अमुक शिफारस आता लागू नाही, कारण हे, बदल अमुक तारखेला केला.' जुना दुवा धरून येणारा माणूस तिथेच पोचणार आहे, त्याला रिकामं पान मिळून उपयोग नाही. प्रत्येक लेखाच्या शिरोभागी दोन तारखा असू द्या, प्रकाशित केल्याची आणि शेवटच्या तपासणीची. पोस्टर केलंत तर तारीख चित्राच्या मध्यभागी, फिकट पण वाचता येईल अशी. कोपऱ्यातली कापली जाते.

पैशाचंही स्पष्ट ठेवा. एखाद्या कंपनीने मोफत माल दिला, प्रवासखर्च दिला, विक्रीवर टक्का दिला, तर त्या मजकुरावर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' हे शब्द ठळकपणे आणि मराठीतच हवेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या अहवालावर लोक खतांचा खर्च ठरवतात त्याने खतकंपनीशी असलेलं नातं झाकून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

अहवालांचे नमुने दाखवताना नाव, गट क्रमांक आणि फोन झाकायला नुसती काळी रेघ ओढू नका. काही पीडीएफमध्ये रेघेखालचा मजकूर कॉपी करता येतो. तो भाग पुसून नवीन चित्र काढा, आणि शेतकऱ्याची परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

---

उत्पादक_कंपनी_मदत

लिंक्डइन. तुम्हाला हवे असलेले निर्यातदारांचे गुणवत्ता व्यवस्थापक आणि उत्पादक कंपन्यांचे मुख्याधिकारी तिथे आहेत. बागाईतदार सहसा नाहीत. म्हणून भाषा इंग्रजी चालेल, आणि त्याच मजकुरात ब्लॉगवरच्या मराठी लेखाचा दुवा. शेतकऱ्याला कळेल असं लिहिता येतं हाच तुमच्या कामाचा दाखला ठरतो, तो लपवू नका.

नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. तिथे 'संस्थापक' असं नुसतं लिहून जागा घालवू नका. काय तपासता, कोणत्या पिकांत, कोणत्या तालुक्यांत, हे लिहा. शोधणारा हेच शब्द टाकतो. पोस्टची मर्यादा ३,००० अक्षरं, पण 'आणखी वाचा'च्या आधी दोन-तीनच ओळी दिसतात. त्या ओळींत निष्कर्ष हवा: 'आटपाडी भागातल्या या हंगामातल्या पाणी नमुन्यांत आरएससी कुठे जास्त आली आणि का.' तुमच्याकडे दर हंगामात नमुन्यांचे आकडे जमतात, ते इतर कुणाकडे नाहीत. नावं काढून, तालुकावार, नमुन्यांची संख्या स्पष्ट देऊन वर्षातून दोनदा असा आढावा लिहा. वीस नमुन्यांवरून तालुक्याचा निष्कर्ष काढू नका, 'आमच्याकडे आलेल्या नमुन्यांत' असंच म्हणा. बिघडलेलं पाणीच जास्त करून तपासायला येतं, हेही त्यात लिहायला हवं.

आठवड्याला एक पोस्ट पुरे. त्याहून जास्त उपयोग दुसऱ्यांच्या पोस्टखाली आकड्यांसह दिलेल्या नेमक्या उत्तराचा होतो, कारण ते वाचणारा तुमच्या प्रोफाइलवर येतो. संपर्काची विनंती पाठवताना दोन ओळी लिहा आणि पहिल्याच निरोपात दरपत्रक जोडू नका.

कृषी विज्ञान केंद्र, आकाशवाणीचं शेतीविषयक प्रसारण, शेतीची दैनिकं यांच्याकडे जाताना नुसती ओळखपत्रिका नेऊ नका. हंगामाला धरून तीन लेखांचे दुवे आणि 'यांतल्या कोणत्याही विषयावर दहा मिनिटं बोलू शकते' असा निरोप पाठवा. निवडणाऱ्याचं काम सोपं होतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर शोधातून वाचक हवा असेल तर लेख हंगामाच्या दीड-दोन महिने आधी चढवा, गुगलला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीचा लेख ऑगस्टमध्ये, जानेवारी-फेब्रुवारीच्या आंबे बहाराचा नोव्हेंबरमध्ये. चॅनेलवर त्याचा दुवा मात्र नेमक्या आठवड्यातच. पंधरा दिवसांत एक नवीन लेख, मधल्या आठवड्यात एका जुन्या लेखाची तपासणी. चार तासांत एवढंच नीट होतं.

---

रानातला_कॅमेरा

व्हिडिओ महिन्याला एक करा, आणि दाखवूनच कळतं तेवढ्यापुरताच: नमुना कसा घ्यावा, देठ कोणत्या पानाचा तोडावा. तक्ते आणि आकडे व्हिडिओत वाचून दाखवू नका, ते ब्लॉगवर. चित्रापेक्षा आवाज जास्त बिघडतो. कॉलर माइक घ्या आणि त्यावर फरचं टोपरं चढवा, नाहीतर रानातल्या वाऱ्यात शब्द बुडतात. फोन आडवा, ऊन बोलणाऱ्याच्या पाठीमागे नको.

यूट्यूबवर व्हिडिओची प्रकरणं (चॅप्टर) पाडायची असतील तर वर्णनातली पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन प्रकरणं, प्रत्येक किमान दहा सेकंदांचं. यांतलं एक चुकलं तरी ती दिसत नाहीत. वर्णनाच्या पहिल्या ओळीत लेखाचा दुवा. बहुतेक लोक खाली उघडून पाहतच नाहीत.

---

मृदगंध_सांगोला

नमुना घेण्याचा लेख आणि ईसीचा लेख हे दोन आधी घेते. बाकी अडतीस लेखांतून औषधांची नावं आधी गाळते, मग एकेक चढवते. शेवटचं एक विचारायचं होतं: अहवालाच्या कागदावर क्यूआर कोड छापायचा म्हणतेय, 'हा अहवाल कसा वाचावा' या लेखाचा. अहवाल साध्या लेझर प्रिंटरवर निघतात. काही काळजी घ्यायची का?

---

लिपी_आणि_दुवे

जरूर छापा, अहवाल हातात असतो त्याच क्षणी माणूस वाचायला तयार असतो. मुख्य पानाचा नको, त्याच लेखाचा. फुकट 'डायनॅमिक' कोड (आधी त्यांच्या साइटवर जाऊन मग तुमच्या लेखाकडे वळणारा) देणाऱ्या साइटचा कोड वापरू नका. मुदत संपली की छापलेले सगळे कागद निकामी. आपल्याच डोमेनवर एक आखूड पत्ता ठरवा आणि तो लेखाकडे वळवा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये पत्ता वळवण्याची सोय आहे. पुढे लेख बदलला तरी कोड तोच राहतो.

पत्ता जितका आखूड तितके कोडाचे चौकोन मोठे आणि वाचायला सोपे. बाजू किमान अडीच सेंटिमीटर, चारही बाजूंना चार चौकोनांएवढी पांढरी जागा, दुरुस्तीची पातळी (कोडाचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचला जावा यासाठीची) मध्यम किंवा त्यावरची, रंग काळाच. मधे लोगो घालू नका. अहवाल घडी घालून खिशात जातो, म्हणून कोड घडीच्या रेषेवर येणार नाही अशी जागा निवडा. ए-४ कागदाच्या मध्यावरची आडवी रेषा टाळा. कोडाखाली तोच पत्ता अक्षरांतही छापा, म्हणजे स्कॅन झाला नाही तरी टाइप करता येईल. सगळ्या अहवालांवर छापायला घेण्याआधी एक कागद घडी घालून, थोडा चुरगळून, साध्या कॅमेऱ्याच्या जुन्या फोनवर संध्याकाळच्या उजेडात स्कॅन करून पाहा.